बोरदरीची शेवटची नोंद

बसा जवळ. लाईट काही तासभर येत नाही आता, आणि ते मोबाईलचे दिवे विझवा, डोळ्यांवर येतात. भुताची गोष्ट पाहिजे ना? मग ऐका. ही पुंजाराम गुरुजींवर गुदरलेली आहे, आपल्याच पुंडलिकनगरातले, पलीकडच्या गल्लीतले. तो माणूस खोटं बोलायला गेला तर शब्दाआधी त्याला घाम फुटतो, म्हणून मी खरी मानतो. तुमचं तुम्ही बघा.

सोळा सालचा उन्हाळा. शहराच्या पाट्यांवर तेव्हा जुनंच नाव होतं आणि प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, फाल्गुनात, वादळानं बोरदरी नावाची धनगरांची वाडी नेली. वारा, गारा आणि वरून डोंगराचा लोंढा. एका रात्रीत बावीस घरं गेली. उरलेल्या माणसांना चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून दीडएक किलोमीटर आत, पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. दोन महिन्यांसाठी म्हणाले होते. सरकारी दोन महिने किती लांब असतात ते तुम्हाला सांगायला नको.

पुढं त्यांना घरकुलं द्यायचं ठरलं आणि वाडीची नोंद करायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडलं. मास्तरानं पोरं कमी शिकवायची अन् डोकी जास्त मोजायची, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. माणसं दिवसभर कारखान्यात नाहीतर बांधकामावर, म्हणून गुरुजी रात्री जेवून मोटारसायकलवर जायचे. छापील रकान्यात मावत नाही ते समासात लिहायचे. दगडाबाईचं जातं कुठल्या बाभळीला अडकून सापडलं, सारजाबाईचा पोरगा पत्रा वाजला की अजून कसा खाटेखाली शिरतो, सगळं. कचेरीतले साहेब चिडायचे, ही नोंदवही आहे, कादंबरी नाही म्हणायचे. गुरुजी मान हलवायचे आणि पुन्हा लिहायचे.

सगळी घरं झाली, पुतळाबाईचं तेवढं अडलं. तिचा नवरा मल्हारी त्या रात्री मेंढरं वळवायला ओढ्याकडं गेला तो गेलाच. ना तो सापडला, ना एक मेंढरू. वहीत दोनच शब्द चालत होते, हयात किंवा मयत. मयत असेल तर बायकोनं तसा अंगठा द्यायचा. हयात असेल तर त्यानं स्वतः समोर येऊन द्यायचा. दोन्ही नसेल तर नाव कटाप. मग घरकुल तर नाहीच, शेडसुद्धा रिकामं करायचं.

बारा मे, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वही जमा व्हायची होती. त्या रात्री गुरुजी शेवटचं समजवायला गेले. बाई चुलीपाशी बसलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. गुरुजींनी नाना परीनं सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली,

"वादळानं नेलं ते नेलं, गुरुजी. आता माझ्या हातानं बी नेऊ का? हयात लिव्हा. मी नाय अंगठा देनार."

गुरुजी निघाले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. कच्च्या रस्त्यानं अर्ध्यात आले आणि त्यांना राहवेना. बाई हट्टापायी उघड्यावर येणार. गाडी थांबवली, टाकीवर वही उघडली, मोबाईलच्या उजेडात मल्हारीच्या नावापुढं लिहून टाकलं, मयत. तिच्या नावानं आपलाच अंगठा मारू, कोण तपासतंय! पोटात माया होती, पण लबाडी ती लबाडीच. शाईचा पॅड उघडला.

तेवढ्यात समोरून मेंढरं आली.

कळप फोडायचा नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. गुरुजी गाडीला टेकून उभे राहिले. उन्हाळ्यात धनगर चाऱ्यापाण्यासाठी रात्रीचे चालतातच. मेंढरं दोन्ही अंगांनी जाऊ लागली. दहा... वीस...

मग ध्यानात आलं. आवाज नाही.

खुरांचा नाही. घंटीचा नाही. रस्त्यात घोटाभर फुफाटा, पण धूळ उडत नव्हती.

एक मेंढरू पायाला घासून गेलं. विजार ओली झाली. गार. गारेसारखी गार.

सगळी निथळत होती. त्या साली... जेव्हा विहिरीला थेंब नव्हता.

मागून घोंगडं पांघरलेला एक माणूस आला. थांबला. घोंगड्यातून पाणी गळत होतं. तोंड दिसत नव्हतं.

गुरुजींच्या तोंडून नुसत्या सवयीनं निघालं, "गाव कोणतं?"

"बोरदरी."

तो वहीवर वाकला. बराच वेळ.

"मला मयत कोन लिव्हतंय? मेंढरं गोळा करतोय मी. लांब गेली व्हती. खोडा ते."

गुरुजींनी खोडलं. हयात लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग एक ओला हात पुढं आला. पॅडवर टेकला. वहीवर टेकला.

कळप शेडांकडं वळला. गुरुजींनी मागं पाहिलं. रस्ता मोकळा. कोरडा.

सकाळी अंगात ताप, तरी गुरुजी दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर. साहेबांनी पान पाहिलं आणि हसले. वादळात गेलेला माणूस अंगठा द्यायला आला होय? चौकशी लावीन म्हणाले. ज्या गुरुजींनी उभ्या जन्मात शिपायालासुद्धा अरे केलं नाही, ते ताठ उभे राहिले.

"लावा चौकशी. मी पाहिलं ते लिहिलंय. खोडायचं तर तुमच्या हातानं खोडा, आणि आज रात्री त्या रस्त्यानं एकटे जाऊन या."

भुतापुढं कुणीही थरथरतं रे. साहेबापुढं तो माणूस थरथरला नाही, याचं मला जास्त कौतुक आहे. साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि सही केली.

संध्याकाळी गुरुजींनी पुतळाबाईला सगळं सांगितलं, आधी लिहिलेल्या लबाडीसकट. ती दचकली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं,

"मेंढरं समदी व्हती का संगं?"

मोजली नाहीत, गुरुजी म्हणाले.

"मंग ऱ्हायली आसतील दोन-चार. म्हनून थांबला नाय." आणि तिनं भाकरी थापायला घेतली.

घरकुल मिळालं तिला. दारावर नाव मल्हारीचं आहे, आणि त्यामागं कैलासवासी लिहू का म्हणणाऱ्या पेंटरला तिनं शिडीवरून उतरवलं होतं.

ती वही कचेरीच्या दप्तरखान्यात आहे. तिथला शिपाई कडूबा गेल्या साली रिटायर झाला, त्यानं मला स्वतः सांगितलं. त्या पानावर टीपकागद ठेवावा लागतो आणि दर महिन्याला बदलावा लागतो. बाकी एकवीस घरांचे अंगठे कधीच वाळले. तो एक अजून वाळलेला नाही.