खालचं गाव, वरचं गाव

“तीन हाका मारल्या ताई, तीन! आणि तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस?”

दारात उभी राहून धाकटी थरथरत होती. गुडघ्यातलं रक्त पोटरीवरून ओघळत होतं, कोपराला वाळू चिकटली होती, केसांतून खारं पाणी ठिबकत होतं. पण डोळे भरून आले होते ते काही त्या जखमेमुळे नव्हे... जेमतेम वीस पावलांवर, घराच्या गच्चीत, ताई पाठमोरी उभी राहून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, कडेला कड जुळवून, अगदी निवांत. आणि खाली शेवाळलेल्या खडकांत पाय अडकून पडलेली तिची सख्खी बहीण जिवाच्या आकांतानं तिला हाका मारत होती! शेवटी कुणा वाटसरूनं हात दिला, तेव्हा कुठे ती उठली.

ताईच्या हातातली चादर गळून पडली. ती धावत आली, खाली बसली आणि सदतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून राबलेले तिचे हात आपसूक त्या गुडघ्याकडे गेले.

“हात लावू नकोस! आधी सांग. माझी हाक ऐकू आली होती की नाही?”

एकच शब्द पुरेसा होता... ‘नाही.’ तेवढा उच्चारला असता तर सगळा उलगडा झाला असता. पण त्या एका शब्दामागून काय काय येईल, हे ताईला पुरतं ठाऊक होतं. धाकटी त्याच संध्याकाळी सामान बांधेल, समुद्राकडे पाठ फिरवेल आणि पुन्हा एकदा, उरलेलं सगळं आयुष्य, एका अधू माणसाच्या सावलीत काढेल!

ताईनं नजर खाली वळवली.

“आली होती.”

“मग?”

“नाही वळले.”

धाकटी लंगडत आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. ते दार आपटलं असावं, कारण चौकट हादरली. ताईच्या कानांना मात्र लाटांच्या अखंड घोंघावण्याखेरीज काहीही कळलं नाही.

खरं हेच होतं. ताईला ऐकू येईनासं झालं होतं. अगदी ठार बहिरी नव्हे. शांत खोलीत, समोर बसून कुणी बोललं तर तिला सगळं समजे. पण पंखा, रहदारी, पाणी, चार माणसांचा गलबला, असा कसलाही आवाज भोवती असला की माणसाचं बोलणं त्यात मीठ विरघळावं तसं विरघळून जाई. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका दुपारी तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं श्वास कोंडला म्हणून घंटा वाजवली, वाजवतच राहिला, आणि ताई पाच हातांवर बसून औषधांची नोंद करत होती... दुसरी परिचारिका धावली म्हणून तो वाचला. कुणी ताईला बोल लावला नाही. पण तिनं त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली, तपासणीचा कागद ट्रंकेच्या तळाशी दडवला, गुडघ्यांचं निमित्त सांगून नोकरी सोडली आणि तोंडाला कुलूप घातलं. जिच्या कानांवर आजारी माणसांनी विसंबून झोपावं, तिचेच कान दगा देतात, ही गोष्ट तिला स्वतःशीसुद्धा बोलवत नव्हती.

आणि धाकटीला तर कदापि सांगायची नव्हती! आई-वडील एका वर्षात गेले, तेव्हा ताई एकोणीस वर्षांची आणि ही दहाची. नऊ वर्षांच्या त्या अंतरात ताई एकदम आई होऊन गेली. बोटाला धरून बहिणीला परमुलखात नेलं, त्या थंड, बर्फाळ शहरात रात्रपाळ्या करून शिकवलं. एका नकाशे काढणाऱ्या भल्या माणसानं मागणी घातली होती; पण ‘धाकटीला वसतिगृहात ठेवू’ असं तो म्हणाला आणि ताईनं हसत हसत नकार दिला. “रुग्णालयात सगळ्या जगाची सिस्टर आहे, पण ताई एकीचीच,” असं ती म्हणे.

धाकटी शिकली, शिक्षिका झाली, एका घड्याळजीशी तिचं लग्न झालं. तो माणूस चांगला. पण आजारानं अंथरुणाला खिळला तो अकरा वर्षं. उजेड डोळ्यांना खुपायचा, म्हणून दुकानामागच्या खोलीचे पडदे सदा ओढलेले. एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तो गेला, तेव्हा धाकटी सत्तावन्न वर्षांची होती. ताईच्या घरी राहायला आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, “ताई, मला आता अशा ठिकाणी राहायचंय, जिथं नजरेच्या आड काहीही येणार नाही.”

त्यातूनच ठरलं, की उरलेलं आयुष्य एखाद्या उबदार देशात काढायचं. देश ठरला, गाव मात्र ठरेना! एक गाव खाली, समुद्राला लागून. दुसरं वर, सात तासांच्या घाटरस्त्यावर, डोंगरांच्या कुशीत. सहा आठवडे खाली, सहा आठवडे वर, पुन्हा खाली... विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी त्या दोघींची गत. पेट्या कधी पुऱ्या उघडल्याच नाहीत. घरं दाखवणारी दलालबाई तर दर घराला ‘याच्यासारखं दुसरं नाही’ म्हणे, छत गळत असलं तरी म्हणे, “हवेशीर आहे!” धाकटी हसून लोटपोट व्हायची.

वरच्या गावी ताईला किती बरं वाटे! तिथल्या निःशब्द सकाळी तिला शेजारच्या नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येई. पण धाकटीचा जीव तिथं घुसमटे. जिकडे पाहावं तिकडे डोंगर! ती खोलीत येरझारा घाली, खिडकी उघडी, लावी, पुन्हा उघडी. आणि दुपारी उगाचच बसस्थानकावर जाऊन खाली निघालेल्या गाड्या बघत उभी राही. ताईनं ते एकदा लांबून पाहिलं आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, “मला विचारशील तर खालचंच गाव बरं. डोंगरात माझे गुडघे दुखतात.”

धाकटीनं तिला मिठीच मारली होती.

त्या बर्फाळ शहरात खिडक्या बारा महिने घट्ट बंद असायच्या, म्हणून तिथं ताईचं गुपित टिकलं होतं. इथं दारंखिडक्या सताड उघड्या, डोक्यावर दिवसभर पंखा आणि वीस पावलांवर समुद्र. “उद्या बाजारात जायचं का?” असं धाकटीनं विचारलं की ताई म्हणायची, “हो, मीठ बरोबर आहे.” आधी धाकटी हसली. मग गप्प झाली. मग तिच्या मनात हळूहळू एक काटा रुतत गेला... ताई रुसलीय! तोंडानं हो म्हणाली, पण तिला इथं राहायचंच नाही! आणि आज त्या खडकांत पडल्यावर तो काटा काळजापर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी ताईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“मी इथं राहणार. तुला वर जायचंय ना, तू खुशाल जा.”

“अगं, मी कुठं म्हणाले...”

“म्हणत नाहीस, तेच तर! जन्मभर काही म्हणाली नाहीस. नुसता त्याग केलास आणि त्याचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंस! मी सांगितलं होतं का, माझ्यापायी बिनलग्नाची राहा म्हणून? मी मागितलं होतं का?”

हे मात्र ताईला स्वच्छ ऐकू आलं. शब्द न् शब्द! एरवी दहा वाक्यांतली सहा निसटत. पण या वाक्यानं कसा अचूक रस्ता शोधला होता... तिनं धाकटीच्या गुडघ्यावरची पट्टी बदलली, एक पेटी उचलली आणि दुपारच्या बसनं ती निघाली.

वरच्या गावी दलालबाईनं तिला दोन खोल्यांचं एक घर दिलं. शांत, नीटनेटकं, हवं तसं. पण जी शांतता तिनं मनोमन इतकी इच्छिली होती, ती आता खायला उठली! नळ ठिबकताना ऐकू येत होता, चहाचं आधण ऐकू येत होतं. फक्त जिचं ऐकायचं, ती तिथं नव्हती. ताईला एका जागी बसवेना. सामान लावायला घेई, अर्ध्यावर सोडी. पत्र लिहायला बसे, ‘चि. धाकटीस’ एवढं लिहून कागद चुरगाळी. पायरीवर जाऊन बसे, परत आत येई. असे सोळा दिवस गेले.

सतराव्या दिवशी, टळटळीत दुपारी, ती खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून भाजी निवडत होती.

“ताई...”

अगदी हळू, जवळजवळ श्वासातच म्हटलेली हाक. ताई गर्रकन वळली.

दारात धाकटी उभी होती. पदराखाली झाकावं तसा काहीतरी कागद छातीशी धरलेला, डोळे रडून सुजलेले. सात तासांच्या प्रवासाची धूळ अंगावर.

“इथं कुजबुजले तरी वळलीस,” ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “इथं नुसतं कुजबुजले तरी वळलीस गं...”

ताईनं तो कागद घेतला. या देशात कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी दोघींनी खालच्या गावी वैद्यकीय तपासणी करून घेतली होती, तिचा अहवाल. पोस्टानं तो खालच्याच घरी आला होता आणि वर धाडायला म्हणून धाकटीनं लिफाफा उघडला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: दोन्ही कानांची श्रवणशक्ती बरीच क्षीण, भोवती आवाज असल्यास बोलणं समजणं जवळजवळ अशक्य, त्रास चार वर्षांपासून, असं रुग्णाचं सांगणं, घरच्यांना कल्पना द्यावी.

“चार वर्षं!” धाकटी हुंदके देत म्हणाली. “परक्या डॉक्टरला सांगितलंस आणि मला नाही? मी तुला नाही नाही ते बोलले, आणि तू... ‘नाही वळले’ म्हणालीस! खोटं का बोललीस, ताई? माझ्या नजरेतून उतरलीस तरी चालेल, पण समुद्र मला मिळावा म्हणून?”

“अकरा वर्षं भिंतीकडे बघत बसलीस तू,” ताई कशीबशी म्हणाली. “अजून एक भिंत मी कशाला होऊ, गं?”

“भिंत!” धाकटीनं तिचे दोन्ही हात धरले. “अगं, रोज सकाळी त्या समुद्रासमोर जाऊन बसते मी. इतका मोठा, इतका मोकळा... आणि तू गेल्यावर पहिल्याच दिवशी वाटलं, हे ताईला सांगायला हवं. कुणाला सांगू? घरी येऊन खुर्चीला सांगितलं!”

ताईला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. दोघी तिथेच, भाजीच्या देठांत, जमिनीवर बसल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या. मग ताईनं त्या म्हाताऱ्याची, त्याच्या घंटेची गोष्ट सांगितली. कुणालाच कधी न सांगितलेली. ऐकून झाल्यावर धाकटी इतकंच म्हणाली, “सदतीस वर्षांत किती घंटा ऐकल्यास, त्या मोजल्यास का कधी?”

संध्याकाळपर्यंत भांडण जुंपलंच! एक म्हणे, वरचं गाव. दुसरी म्हणे, अजिबात नाही, खालचं. जी ती दुसरीचं गाव रेटत होती. शेवटी धाकटीनं शिक्षिकेचा आवाज लावला.

“पुरे! घर इथं. आणि मला समुद्र नकोच, असं खोटं मी बोलणार नाही; खोटं बोलण्याचा मक्ता तुझा. मला समुद्र हवाय. महिन्यातले आठ दिवस मी खाली जाणार.”

“एकटी?”

“तू येणार असलीस तर दोघी. पण कानाला यंत्र लावायचं. दवाखान्यात उद्याच जायचं. लाजबीज काही नाही.”

“यंत्रानं लाटासुद्धा मोठ्या ऐकू येतात म्हणे,” ताई बारीक आवाजात म्हणाली.

“मग तिथं काढून ठेव. तिथं मी बोलणारच नाही तुझ्याशी!”

पुढच्या महिन्यात दोघी खाली उतरल्या. स्वच्छ सकाळ होती, किनाऱ्यावर बरीच माणसं होती. ताई नवं यंत्र काढून, पिशवीत ठेवून बाकावर बसली. धाकटी गुडघाभर पाण्यात शिरली, मग कमरेभर. एका मोठ्या लाटेनं तिला उचलून खाली ठेवलं आणि ती मागे वळून, दोन्ही हात उंचावून, काहीतरी ओरडली. ताईला तिचे ओठ हललेले दिसले. चेहऱ्यावरचा आनंद दिसला. शब्द मात्र नेहमीसारखेच पाण्यात गेले.

ताईची मान सवयीनं ‘हो, हो’ अशी हलू लागली होती. चार वर्षं ती अशीच हलत आली होती. ताई थांबली. बाकावरून उठली, दोन्ही हातांचा कर्णा तोंडाशी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, साऱ्या जगादेखत ओरडली,

“मला ऐकू येत नाही गं!”

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. ताईनं त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. पाणी कापत, धापा टाकत धाकटी बाहेर आली, वाळूतून पळत आली, तिचं भिजलेलं, गार अंग ताईला बिलगलं आणि तिनं ताईच्या कानाशी ओठ नेले.

“काही विशेष नाही,” ती म्हणाली. “पाणी कोमट आहे, एवढंच सांगत होते!”