तारीख कोणती धरायची?

त्या सकाळी मी खुर्ची मागे ओढली आणि टेबलाखालून आवाज आला, "शू... हलू नका."

मी हलले. ओरडलेसुद्धा. कुणीही ओरडलं असतं. आपल्या टेबलाखाली एक आख्खा पुरुष आडवा पडलाय, लांब लाकडी काठीचं एक टोक पाइपाला, दुसरं स्वतःच्या कानाला लावून, डोळे मिटून... तर काय, नमस्कार करायचा?

"ओरडलात ना," तो डोळे न उघडताच म्हणाला. "आता परत पहिल्यापासून ऐकावं लागणार."

"काय ऐकताय? आणि तुम्ही कोण?"

"पाइप. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्याचं... तुमच्या भिंतीला ओल आलीय म्हणून तुमच्याच मोठ्या बाईंनी पाठवलेला माणूस."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल. आणि भिंतीला ओल होती खरीच, खिडकीखाली चांगली परातीएवढी. मी म्हटलं, "मग लवकर आटपा, नळवाले. मला कामं आहेत."

"हो बाई," तो म्हणाला. आणि गालात हसला. त्या हसण्याचा अर्थ मला दुपारी कळला.

दुपारी कळला, कारण माझं कामच ते. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तळमजल्यावर कोपऱ्यात एक खोली आहे. दारावर 'संशोधन-नोंद कक्ष' अशी पाटी. कक्ष म्हणजे मी. संस्थेतल्या लोकांनी काय लिहिलं, कुठे छापून आलं, कधी आलं, हे शोधायचं आणि नोंदवायचं. त्या दुपारी नवीन नोंदी चाळताना एक निबंध समोर आला: जमिनीखालच्या पाइपातली गळती आवाजावरून कशी ओळखावी. लेखकाचा फोटोही होता. तेच गालातलं हसू.

डॉक्टरेटवाला माणूस, आणि मी त्याला 'नळवाले' म्हटलं होतं!

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मी म्हटलं, "सॉरी. मला माहीत नव्हतं तुम्ही..."

"नळवालाच आहे मी. तेच नाव ठेवा, आवडलं मला." तो खाली वाकला. "पाय जरा बाजूला घ्याल?"

मी पाय बाजूला घेतले. उगाचच नवीन चपला घातल्या होत्या त्या दिवशी. उगाचच.

त्या वर्षी माझ्यामागे एक मोठं झेंगट लागलं होतं. संचालकांचा हुकूम आला होता: संशोधनाची मोजणी करण्याआधी शब्दांच्या व्याख्या ठरवा. कारण जो तो आपल्याला सोयीचं मोजत होता. एका ज्येष्ठ सरांनी तर मित्राच्या निरोप समारंभातलं भाषण 'संशोधन' म्हणून पाठवलं होतं. म्हणजे निबंध कशाला म्हणायचं, लेखक कुणाला म्हणायचं, संस्थेचं काम कुठलं, छापल्याची तारीख कोणती आणि ही सगळी माहिती घ्यायची कुठून, हे सगळं मी आधी लिहायचं आणि मग समितीने संमत करायचं.

लोकांना वाटतं हे कंटाळवाणं काम आहे. मुळीच नाही! जगातली मोठी लबाडी आकड्यात नसते, व्याख्येत असते. आकडा बिचारा खाली मान घालून सांगाल ते मोजतो. शब्द कुणी ठरवले ते विचारा, मग कळेल कुणाचं पोट भरलं आणि कुणाचं मारलं.

हे मी नळवाल्याला तावातावाने सांगितलं. तो टेबलाखालून म्हणाला, "व्याख्याबाई, तुम्ही चिडलात की कीबोर्डाचा आवाज पाइपातून इथपर्यंत येतो."

"मग ऐकू नका."

"कान उघडे आहेत हो. काय करू?"

तो येतच राहिला. गळती चिवट आहे, असं म्हणायचा. कधी सकाळी, कधी जेवणानंतर. काठी लावायची, डोळे मिटायचे, मग वर येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसायचं.

"आज कुठला शब्द?"

"स्रोत. एक नियम करतेय. लेखकाने नुसतं सांगून नोंद होणार नाही. दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी तीच गोष्ट सापडली पाहिजे. दोन स्रोत, तरच नोंद."

"म्हणजे मी म्हटलं, हे मी लिहिलंय, तर तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"माझा आहे तुमच्यावर. नियमाचा नाही."

"अरे वा! माझ्यावर आहे?"

"आपण नियमाबद्दल बोलतोय..."

"मी नव्हतो बोलत," तो म्हणाला, आणि काठी पुसायला लागला. इतकी पुसली, इतकी पुसली, की लाकूड झिजलं असतं.

एकदा मी विचारलं, "नक्की ऐकू काय येतं तुम्हाला?"

त्याने काठीचं एक टोक पाइपावर टेकवलं आणि दुसरं अलगद माझ्या कानाशी आणलं. "डोळे मिटा," म्हणाला. मी मिटले. लांब कुठेतरी पाणी चाललं होतं... संथ, एकसारखं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. काठी त्याच्या हातात होती, आणि त्याचा हात माझ्या केसांपासून इतका जवळ, की मला पाण्याचं काहीएक कळेना.

"गळतीचा आवाज कुठला?" मी पुटपुटले.

"तुम्हाला ऐकू येतोय का?"

"नाही."

"...कान तयार व्हायला वेळ लागतो," तो म्हणाला.

मग 'छापल्याची तारीख' हा शब्द आला, आणि सगळं बिनसलं.

गोष्ट साधी आहे. हल्ली निबंध आधी संकेतस्थळावर झळकतो आणि कित्येक महिन्यांनी नियतकालिकाच्या अंकात बसतो. एका निबंधाला दोन तारखा. एक माहितीसाठा पहिली तारीख देतो, दुसरा दुसरी. आपण कोणती धरायची? माझं मत पक्कं होतं: पहिली. ज्या दिवशी लोकांना वाचता आलं, त्या दिवशी ते छापलं गेलं. अंकाची तारीख म्हणजे नुसता कागदोपत्री मुहूर्त.

व्याख्या लिहिली की मी ती खऱ्या नोंदींवर लावून बघते. तशी लावली. सगळे जागच्या जागी बसले. एकच निबंध बाहेर पडला. नळवाल्याचा.

त्याची नेमणूक मुदतीची होती. मुदत वाढवून हवी तर या काळात तीन निबंध हवेत, अशी अट. त्याचे बरोबर तीन होते. पण त्यातला एक तो इथे रुजू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी संकेतस्थळावर आला होता आणि अंकात नंतर. पहिली तारीख धरली की त्याचे उरणार दोन. दोन म्हणजे घरी जा.

मी संगणकाचा पडदा बंद केला. परत उघडला. 'पहिल्यांदा उपलब्ध झाल्याची तारीख' हे शब्द खोडून 'अंकाची तारीख' असं लिहिलं. किती सोपं होतं! कुणाला कळलंही नसतं. उलट कित्येक जण खूश झाले असते. मी खुर्चीत मागे रेलले आणि माझी मलाच शिसारी आली. अशाच एकेका शब्दावर लोक वर्षानुवर्षं आपापल्या माणसांना वर चढवत आलेत, आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडत आलेय. मी परत मूळ वाक्य लिहिलं. मग ते वाक्य बघून मला रडू आलं.

त्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याच्याशी धड बोलले नाही. "आज शब्द नाही?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हटलं. तो उठला, दाराशी घुटमळला, आणि गेला.

घरी आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. आई गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवते. मी पलंगावर पडून छताकडे बघत बसले.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"आई, तू माझं माप कधीच का घेत नाहीस? नेहमी पलीकडच्या मावशीला का बोलावतेस?"

"आता हे काय मधेच?" तिने दाताने दोरा तोडला. "आपल्या माणसाचं माप घेताना टेप सैल धरली जाते बाई. नाहीतर सैल पडेल या धास्तीने घट्ट आवळली जाते. दोन्हीकडून कापड वाया. तुझ्या दहावीचा ड्रेस आठव."

आठवला. काखेत उसवला होता, ऐन कार्यक्रमात.

"कोण आहे?" आई मशीनवरून नजर न उचलता म्हणाली.

"कोण कुठे?"

"ज्याचं माप घ्यायचंय तो."

मी उशी तोंडावर ओढली.

समितीच्या बैठकीत संचालक होते, मोठ्या बाई होत्या आणि निरोपाच्या भाषणवाले ते ज्येष्ठ सर. 'निबंध' संमत झाला, सर दुखावले. 'लेखक' संमत झाला. 'स्रोत' झाला. संचालक घड्याळ बघत म्हणाले, "पुढे, तारीख. वाचा."

मी कागद पालथा घातला. "ही व्याख्या मी लिहिणार नाही, सर. तुम्ही तिघं ठरवा."

"का? तुमचं कामच ते आहे."

"तारीख कोणती धरता यावर एका संशोधकाची नोकरी राहणार किंवा जाणार. आणि तो माणूस..." थांबले असते तर कधीच बोलले नसते. "तो माणूस मला आवडतो. म्हणून माझं मत या कामाचं नाही. मी काय लिहिलं होतं तेही सांगणार नाही."

ज्येष्ठ सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, म्हणजे मी नीट दिसावे म्हणून.

संचालकांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. "हे... कार्यवृत्तात घ्यायचं?"

"घ्यायलाच हवं," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "कार्यवृत्त सगळ्यांना जातं, सर. हरकती मागवायला."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. थोड्या वेळाने मोठ्या बाई आल्या, माझ्याशेजारी टेकल्या. साडीचा पदर सावरत म्हणाल्या, "पहिली तारीख धरलीय. लोकांना वाचायला मिळालं तो दिवस. मला तरी तेच बरोबर वाटलं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

म्हणजे मीच लिहिलं असतं तरी तेच झालं असतं. त्याचं काही समाधान वाटलं नाही. नोकरी तर गेलीच होती त्याची.

कार्यवृत्त सगळ्या विभागांना गेलं: 'सदर कर्मचाऱ्यांनी एका संशोधकाबाबत आपले वैयक्तिक हितसंबंध घोषित केले व त्या चर्चेतून बाहेर पडल्या.' नाव नव्हतं. पण तारखेच्या कात्रीत सापडलेला माणूस संस्थेत एकच होता, आणि त्याला वाचता येत होतं.

तो आला. हातात काठी, काठीला गुंडाळलेला कार्यवृत्ताचा कागद. माझ्याकडे न बघता थेट टेबलाखाली गेला. मी पडद्याकडे बघत बसले. पडदा कोरा होता.

खालून आवाज आला, "हरकत नोंदवायची आहे."

"लेखी द्या."

"तोंडी चालत नाही?"

"...बोला."

"आधी एक विचारतो. तारखेचं तुम्हाला कधी कळलं?"

"ज्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही, त्या दिवशी. तुम्हाला?"

"पहिल्यापासून. माझाच निबंध आहे."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. "रोज येऊन बसत होता इथे!"

"म्हणूनच. बोललो असतो तर माझं इथे येणं म्हणजे वशिला झाला असता." काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. "नोकरीचं वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. प्रयोगशाळा माझ्या हाताने उभी केली होती. पण शहराचं पाणीपुरवठा खातं कधीचं बोलावतंय. पगार कमी आहे. तिथे निबंध मोजत नाहीत, गळत्या मोजतात. त्या मला जमतील."

"इथेच? याच शहरात?"

"याच. आता हरकत. कार्यवृत्तात 'हितसंबंध' हा शब्द वापरलाय. त्याची व्याख्या दिलेली नाही."

माझे कान तापले. "तो संशोधक मला आवडतो. असा अर्थ."

"स्रोत?"

"मी स्वतः."

"एकच? मग तुमच्याच नियमाने नोंद होत नाही, व्याख्याबाई."

"मग आणा ना दुसरा!"

"आणलाय," तो म्हणाला. आवाज एकदम हळू झाला होता. "पण तारखेची अडचण आहे. तुझी तारीख बैठकीची. माझी बरीच आधीची... ही गळती बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची."

तुझी, म्हणाला तो.

"बंद झाली? कधी?"

"केव्हाच. आलो त्याच आठवड्यात दुरुस्त केली."

"मग इतके दिवस काय ऐकत होतात?"

"तू कीबोर्ड आपटतेस," तो म्हणाला. "एखादा शब्द मनासारखा जमला की मग हळू, एकेक बोटाने. ते."

मी उठले. दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय साधा स्वल्पविराम मान्य न करणारी मी, इतक्या दिवसांत त्या भिंतीला एकदाही हात लावला नव्हता. खिडकीखाली, जिथे परातीएवढी ओल होती, तिथे तळवा टेकवला.

कोरडी ठणठणीत.

टेबलाखाली धडपड झाली. बाहेर यायच्या घाईत त्याने डोकं आपटून घेतलं. मी खाली वाकले, काठी बाजूला सारली आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसले.

"शू..." मी म्हटलं. "हलू नकोस."