मावशे, हितं…

योगिनी त्या दिवशी एका नवऱ्या मुलाची चौकशी करायला सोमेश्वरनगरला गेली होती. बारामतीत तिचं छोटं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, असलीच कामं जास्त. चौकशी आटपून ती गाडीकडे वळली, तोच ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांमधून एक म्हातारी धावत आली.

"ताई, गावात म्हंत्यात, तुमी माणसं हुडकता नव्हं? माजी नात हुडका."

रंगुबाई तिचं नाव. तिच्या सहा वर्षांच्या पिंकीला चार दिवसांपूर्वी कुणी मोटरसायकलवरून उचलून नेलं होतं. आईबाप तेव्हा फडात होते. पोलीस चौकीत साहेबांनी साधा कागदही पुढं ओढला नव्हता. "तुमची पोरं अशीच हिंडतात. येईल," म्हणाले होते.

योगिनीची कानशिलं तापली. एखाद्या बड्या बागायतदाराचं लेकरू असतं, तर तासाभरात नाकाबंदी झाली असती! कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर पेट्रोल पंप होता. तिथल्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. मागं मासळीचा क्रेट, पुढं टाकीवर पिंकी, गाडीचा नंबर स्वच्छ. वीस मिनिटांचं काम, आणि चार दिवसांत कुणी विचारायलाही आलं नव्हतं.

नंबरावरून गाडी पळसदेवच्या भानुदास नावाच्या मासळीवाल्याची निघाली. योगिनीनं चौकीला फोन लावला.

"साहेब बंदोबस्ताला गेलेत. उद्या बघू."

तिनं फोन आपटला आणि रंगुबाईला गाडीत बसवलं.

भानुदासचं पत्र्याचं शेड गावापासून लांब, उजनीच्या पाण्याकाठी होतं. भर दुपार. पाणी मागं हटलेलं, काठचा गाळ उन्हानं तडकलेला. कुजक्या मासळीचा वास घशात बसत होता. शेड सताड उघडं होतं. आत जाळी, रिकामे क्रेट. माणूस नाही. रंगुबाईनं हाका मारून मारून घसा फोडला. उत्तर आलं नाही.

"चला ताई… न्हाय हितं," म्हातारी खाली बसली.

आणि तेव्हा आवाज आला. बारीक, ओला, अगदी कानाजवळून आल्यासारखा.

"मावशे… हितं…"

योगिनी गर्रकन वळली. मागं कुणीच नव्हतं. आवाज पुन्हा आला, या वेळी वेड्या बाभळींच्या जाळीतून. काटे बाजूला सारत ती आत शिरली. तिथं बर्फ ठेवायची विटांची ठेंगणी खोली होती. दाराला कुलूप. गाडीतली लोखंडी टॉमी आणून तिनं ते तोडलं.

कोपऱ्यात पिंकी होती. जिवंत. हातपाय बांधलेले आणि तोंडात फडकं कोंबून वरून करकचून बांधलेलं.

योगिनीनं ते फडकं सोडलं. या तोंडातून हाक निघणं शक्यच नव्हतं.

"पिंके, आत्ता… हाक कुणी मारली?"

"तिनं." पिंकीनं रिकाम्या भिंतीकडं बोट केलं. "ती म्हनली, मला कुनीच हुडकाया आलं न्हाय. तुला येत्याल."

रंगुबाईनं नातीला छातीशी आवळलं आणि ती ओरडून रडली.

पोरगी सापडल्यावर पोलीस हलले आणि संध्याकाळी भानुदास त्यांना इंदापूरच्या बाजारात सापडला. पोरगी एका जोडप्याला द्यायची होती, एवढंच कबूल केलं त्यानं. आता चौकीत साहेब हजर होते, फोटोसाठी टोपी नीट करत होते.

"दुसरीही एक मुलगी होती," योगिनी म्हणाली. "तक्रार लिहून घ्या."

"नाव?"

"माहीत नाही."

"आईबाप? गाव?"

"माहीत नाही."

साहेब हसले. "मॅडम, मग हरवलं कोण? तक्रार कुणाची?"

"माझी!" तिनं टेबलावर हात आपटला. "चार दिवस एका म्हातारीला हाकललंत तुम्ही. मला हाकलून दाखवा. बाहेर पेपरवाले उभे आहेत."

साहेबांचं हसू मावळलं. हवालदारानं मुकाट्यानं अर्ज लिहून घेतला. मुलीच्या नावाची जागा कोरी राहिली. योगिनीनं सही केली, शिक्का मारलेली प्रत घडी करून पर्समध्ये टाकली आणि पर्स खांद्याला लावूनच ती घरी पोचली.

दिव्याखाली तिनं घडी उलगडली. तिच्या सहीखाली एक अंगठा उमटला होता. नखाएवढा, काळ्या गाळाचा.

तिनं बोट लावून पाहिलं. तो अजून ओला होता.