मागच्या खोलीतला पारा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी. बुऱ्हाणपुरात, लालबागच्या एका गल्लीत.

गायत्रीचा नवरा ललित जुन्या जरीच्या साड्या विकत घ्यायचा. त्या जाळायच्या, राखेत पारा घोळून चांदी ओढायची आणि मग तो पारा भट्टीवर उडवायचा. मागच्या खोलीत. दार लावून.

त्याचे वडील, कडूआप्पा, जन्मभर हेच करत गेले. शेवटी त्यांचे हात असे थरथरायचे, की गायत्रीच पेला त्यांच्या ओठाला लावायची. लोक म्हणाले, करणी आहे.

आप्पा गेले. मग ललितचे हात हलू लागले. शर्टाची बटणं लागेनात. पाय फरपटू लागले.

"करणी-बिरणी काही नाही. पारा मेंदूत गेलाय," इंदूरचे डॉक्टर म्हणाले. "हे काम आजपासून बंद."

ललितला तिथंच दाखल केलं. धाकटा दीर पंकज त्याच्याजवळ थांबला. गायत्री कपडे न्यायला एकटीच घरी आली.

ती बॅग भरत होती, तेवढ्यात लाइट गेली.

गल्लीतले सगळे पॉवरलूम एकदम गप्प झाले.

आणि त्या शांततेत...

टक... टक टक... टक...

भट्टीच्या लोखंडावर चिमटा थरथरत होता, आप्पांच्या हातात वाजायचा तसाच. मागच्या खोलीत.

खोलीला बाहेरून कुलूप होतं.

"मांजर असंल," ती पुटपुटली. किल्ली काढली. दार उघडलं.

कुणीच नाही.

पण भट्टीतून ऊब येत होती... कितीतरी दिवस न पेटवलेल्या भट्टीतून.

राखेत फरपटलेली पावलं उमटली होती. थेट फळीपर्यंत. पाऱ्याची बाटली खाली फुटली होती. फरशीभर थेंबच थेंब.

लूम बंद होते. जमीन हलत नव्हती.

तरी प्रत्येक थेंब थरथरत होता.

मोबाइल वाजला. ती केवढ्यानं दचकली.

"वहिनी!" पंकज रडत होता की हसत, कळेना. "दादाचे हात थांबले! कसम से! आत्ता स्वतःच्या हातानं पाणी प्यायला!"

गायत्रीचे डोळे भरून आले. "त्यांना फोन दे."

पंकज घुटमळला. "देतो... पण वहिनी, तो कसंतरीच बोलतोय."

फोनवर कुणीतरी खोकलं. म्हातारा, ओळखीचा खोकला.

"सूनबाई... भट्टी विझू देऊ नको."

संध्याकाळी ललितचे हात पुन्हा हलू लागले. त्याला यातलं काही आठवत नाही. या आजारात माणूस बरळतो, डॉक्टर म्हणाले.

गायत्रीनं त्या खोलीचं दार विटांनी बुजवून टाकलं. ललित आता थोडा सुधारलाय. बटणं अजून तीच लावते.

पण दुपारी तो झोपेत खोकला, की तिचा हात जागीच थांबतो...

पुढे तो तिला काय म्हणून हाक मारतो, ते ऐकायला.