बंद मीटरची गाडी

गाडीच्या आधी तिला दिसला तो गाडी ढकलणारा माणूस. घामाघूम, चष्मा नाकावर घसरलेला... आणि स्टिअरिंगवर कोणीच नाही! गाडी आपली सरळ गॅरेजच्या भिंतीकडे निघालेली.

"अहो, ब्रेक!" ती ओरडली.

"ब्रेक आत आहे... मी बाहेर आहे!"

तिने धावत जाऊन दार उघडलं आणि हँडब्रेक ओढला. भिंत थोडक्यात वाचली. मग मात्र तिला असं काही हसू फुटलं की हातातला पाना गळून पडला. तोही ओशाळून हसला. झालं, तिथेच बाईसाहेब फसल्या. पण हे कबूल करायला तिला पुढे बराच वेळ लागला.

गॅरेज मामाचं. मामाचे गुडघे गेल्यापासून काम सगळं तिच्याच अंगावर. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून ती त्याला मास्तर म्हणायची आणि तो तिला मेस्त्री. गाडी त्याच्या वडिलांची. ते अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेली, एका हाताचं बोट तेवढं हलायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांना शेवटचं एकदा त्यांच्या गाडीतून तळ्यापर्यंत न्यायचं, असा मास्तरने त्यांना शब्द दिला होता.

"किती पळालीय?" तिने विचारलं.

"मीटर कधीचं बंद आहे. तुम्हीच ओळखा."

ती आत वाकली. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, सीटची कड बसलेली, दाराच्या बिजागऱ्या सैल. "पळालीय भरपूर, पण किती ते देव जाणे. अशा वेळी आम्ही जास्तच धरतो. ऑइल, ब्रेकचे पाइप, टायमिंग बेल्ट... सगळं नवं घालायचं."

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दातेरी पट्टा. धावत्या गाडीत तो तुटला की इंजिनाचा निकाल लागला.

शाळा सुटली की मास्तर हजर. उलट्या बादलीवर बसून तिचं काम बघायचा.

"शाळेतली मुलं कमी पडतात का छळायला?" ती विचारायची.

"ती मला छळतात. मला कोणाला तरी छळायला नको?... तुझ्या गालाला काळं लागलंय."

"कुठे?"

"सांगणार नाही. छान दिसतंय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मामा मात्र वर्तमानपत्राआडून खाकरायचा.

एकदा ती त्याच्या घरी गेली. खोलीत औषधांचा वास, पडदे ओढलेले. ती बाबांजवळ वाकली आणि एका दमात विचारून मोकळी झाली, "काका, टायमिंग बेल्ट बदललाय का हो कधी? बदलून टाकू ना?"

बोट डावीकडे, उजवीकडे हललं. नाही.

"कधीच नाही बदललेला," तिने मास्तरला सांगितलं. बोट हलतच राहिलं. तिने ते मायेने मुठीत धरलं. "काळजी करू नका, काका. मी बदलते."

नवा बेल्ट येईना. जुना नुसता पाहायचा तरी इंजिनाचा एक आधार सोडवावा लागे. दोनदा कशाला उघडायचं, तिने विचार केला. नवा आला की एकदाच.

"आज दे ना गाडी," मास्तर एका संध्याकाळी म्हणाला. "बाबांनी काही खाल्लं नाही. हळू चालवीन... शपथ."

"वाटेत तुटला तर? भर रस्त्यात, त्यांना घेऊन काय करशील? नाही मास्तर. दोन दिवस थांब."

तिने किल्ली खिशात घातली. तो तसाच घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवा बेल्ट आला. तिने इंजिन उघडलं, जुना बेल्ट बाहेर काढला आणि उजेडात धरला. दाते धारदार, एक तडा नाही, वरची छापील अक्षरंसुद्धा पुसलेली नव्हती. बाबांनी तो आजारी पडायच्या जरा आधीच बदललेला असणार. दोन प्रश्न तिने एकदम विचारले होते, आणि त्यांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं होतं. बदलू नकोस.

तिने नवा बेल्ट चढवून काम पुरं केलं. किल्ली घेऊन निघणार, तेवढ्यात फोन वाजला. बाबा गेले होते.

मास्तर गाडी न्यायला आला तेव्हा ओळखू येत नव्हता. तो यायच्या आधी मामाने भंगारातून एक चिरफाळलेला बेल्ट तिच्यापुढे टाकला होता. "हा दाखव आणि विषय मिटव. त्यालाही बरं वाटेल, पोरी."

आणि मास्तरने नेमकं तेच मागितलं. "तो जुना बेल्ट दाखव ना. तेवढंच समाधान."

दोन्ही बेल्ट टेबलावर होते. तिने चांगला उचलून त्याच्या हातात दिला.

"तुझ्या गाडीतला हा. काही झालं नसतं रे याला. त्या संध्याकाळी किल्ली दिली असती तर बाबा तळ्यापर्यंत गेले असते. ते बोटाने नको नको म्हणत होते... आणि मी त्यांचं बोटच धरून ठेवलं."

त्याने बेल्टच्या दात्यांवरून बोट फिरवलं. "खोटं का नाही बोललीस?"

"तुझ्याशी?... तुझ्याशी नाही जमलं."

"आज मला तुझं तोंड बघवत नाही," तो म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

बादली तशीच उलटी पडून राहिली. मामाने ती हलवायला हात लावला, तर ती त्याच्या अंगावर खेकसली. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, सकाळी डोळे धुऊन कामाला लागायची.

बऱ्याच दिवसांनी गाडी दारात उभी राहिली. तो उतरला नाही. तिने खिडकीतून सवयीने आधी मीटर पाहिलं. केबल तिनेच नवी टाकून मीटर शून्यावर आणलं होतं. आकडा अगदीच किरकोळ होता.

"तळ्याला नाही गेलास?"

"नाही. रोज निघायचो. तुझ्या या कोपऱ्यापर्यंत यायचो... आणि वळायचो."

"आज?"

"आज नाही वळलो." त्याने चष्मा काढून पुसला. "राग गेलेला नाही, मेस्त्री. कधी जाईल माहीत नाही. पण घरी बसून करायचं काय त्याचं? तुझ्याशिवाय रागावणार तरी कोणावर मी?"

त्याने हात लांब करून पलीकडचं दार उघडलं. सीटवर बाबांची शाल घडी करून ठेवली होती. त्याने ती उचलून मागे ठेवली.

"बस," तो म्हणाला. "तळ्यापर्यंत जाऊ."

तिने हात पुसले आणि ती बसली.