निर्णयउंची

नागपूरच्या उड्डाणसंशोधन केंद्रात पाऊल टाकण्याआधी कॅप्टन केतकी धुरीने सवयीने वर पाहिलं आणि झेंडा कुठल्या बाजूला फडकतोय ते टिपलं. चौदा महिन्यांत तिने विमान चालवलं नव्हतं. सप्तर्षी एअरवेजने तिला 'बिनपगारी दीर्घ रजेवर' पाठवलं होतं. कपात हा शब्द त्या पत्रात कुठेही नव्हता. तेव्हापासून ती पनवेलजवळच्या औषधांच्या शीतगोदामात पाळीप्रमुख म्हणून काम करत होती.

प्रयोगशाळेत दोघे तिची वाट पाहत होते. केंद्राचे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. यशोधन बोबडे आणि कंपनीचे उड्डाणप्रमुख रणजित भाटकर. रजेच्या पत्रावर सही भाटकरांचीच होती.

"कातळवाडीचा अपघात तुम्ही वाचला असेल," बोबडे म्हणाले.

तिने वाचला होता. कोकणातल्या एका सड्यावर, उंच कातळपठारावर बांधलेला तो छोटा विमानतळ. ढग खाली आलेले, पाठीमागून वारा. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि टोकावरून खाली घसरलं. एक निवृत्त परिचारिका आणि तिचा नवरा दगावले. विमानात वैमानिक नव्हता. गेलं वर्षभर सप्तर्षीची विमानं छायावैमानिकच चालवत होते.

"ती छाया क्रमांक सात होती," बोबडे म्हणाले. "सात म्हणजे तुम्ही."

छाया कशा तयार झाल्या ते केतकीला माहीत होतं. मंदीच्या दोन वर्षांत प्रत्येक वैमानिकाला टोपीखाली संवेदकांचं बारीक शिरोजाल घालावं लागे. सुरक्षेचा अभ्यास चालू आहे, असं त्यांना सांगितलेलं. वैमानिकाने काय पाहिलं, मेंदूत काय उमटलं आणि हाताने काय केलं, हे सगळं नोंदलं जाई. त्यातून त्याच्यासारखाच निर्णय घेणारी गणकप्रणाली घडवली गेली. कुणाच्या नोंदींतून कुठली छाया झाली, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

"सर्वांत वक्तशीर आणि सर्वांत कमी इंधन जाळणारी छाया तुमची होती," भाटकर म्हणाले. "म्हणून सोळा विमानांवर तीच बसवली."

"पण निर्णयउंचीचा नियम तर तिच्यात असेलच," केतकी म्हणाली. "त्या उंचीला धावपट्टी दिसली नाही तर उतरायचं नाही, परत वर चढायचं. एवढं तर साधं यंत्रही करेल."

"नियम आहे. तिने तो पाळलासुद्धा." बोबड्यांनी पडदा सुरू केला. करड्या ढगात दोन अंधूक ठिपके होते. "या क्षणी छायेने नोंदवलं, 'धावपट्टी दिसली'. आता सांगा, ही दिसली का?"

केतकी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली.

"दिसणं म्हणजे काय, हे नियमात लिहिता येत नाही. किती दिवे, किती ठळक, किती वेळ, ते माणूस ठरवतो. छाया ते माणसाकडून शिकते. त्या दोन वर्षांत कातळवाडीला तुम्ही अशा हवेत एकोणीस वेळा उतरलात. एकोणीसही वेळा दोन दिव्यांवर 'दिसली' म्हणालात."

तिला त्या सगळ्या वेळा आठवल्या. दर तीन महिन्यांनी कपातीची यादी लागायची. उतरणं सोडून वर चढलं की जास्तीचं इंधन त्या वैमानिकाच्या नावावर दिसायचं. त्यासाठी कुणाला काढलं, असं कुणी कधी कबूल केलं नाही. पण कॅप्टन इम्तियाज मुकादम, ज्यांनी तिला कातळवाडीला उतरायला शिकवलं, ते एका महिन्यात तीनदा वर चढले आणि पहिल्याच यादीत त्यांचं नाव आलं.

"मी खोटं बोलत नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "मला खरंच दिसायची."

"माहीत आहे. तुमच्या मेंदूची नोंद तेच सांगते." बोबड्यांनी दुसरा आलेख उघडला. "ही ताणरेषा. उतरलो नाही तर काहीतरी हातचं जाईल, असं वाटलं की ती वर चढते. ती चढली की डोळ्यांना कमी पुरावा पुरतो. दोन दिव्यांची धावपट्टी होते. सगळ्याच छाया त्या दोन वर्षांत घडल्यात, कॅप्टन. म्हणून सगळ्यांत हा दोष आहे. आणि जे वर चढायचे ते लवकर गेले, त्यांच्या नोंदी छाया घडवण्याइतक्या भरल्याच नाहीत."

सरकारने कंपनीला चाळीस दिवस दिले होते. तेवढ्यात निर्दोष छाया झाली नाही तर जुन्याच छायांवर, प्रवासी निम्मे करून, विमानं उडणार होती. बेटांवर आणि डोंगराळ गावांत रुग्ण पोहोचवायला दुसरं साधन उरलेलं नव्हतं.

"तुम्ही सिम्युलेटरमध्ये बसा," भाटकर म्हणाले. "नवी नोंद द्या. मी शब्द देतो, हे झालं की बारा वैमानिक परत घेतोय. छायांवर नजर ठेवायला माणसं लागतील. यादीत पहिलं नाव तुमचं."

त्या रात्री अतिथिगृहात केतकीला झोप लागली नाही, आणि बऱ्याच दिवसांनी ती आनंदाने लागली नव्हती.

तीन दिवसांत ती चाळीस वेळा उतरली. कातळवाडीचे ढग, तोच वारा, हाताखाली तीच थरथर. इथे यादी नव्हती, भीती नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी बोबड्यांनी निकाल समोर ठेवला, तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

"जुन्या छायेत आणि या छायेत काही फरक नाही," ते म्हणाले. "दोन दिवे, आणि दिसली."

"पण मी घाबरले नव्हते."

"नाही. तुम्ही आशेत होता." त्यांनी ताणरेषा दाखवली. ती आधीइतकीच उंच होती. "मेंदूच्या लेखी नोकरी जाण्याची भीती आणि नोकरी मिळण्याची आशा वेगळी नसते. उतरण्यात तुमचा फायदा असला, की धावपट्टी लवकर दिसते."

"मग मुकादम सरांना बोलवा."

"बोलावलं होतं. तुमच्याही आधी. फोनवर त्यांनी पहिलंच विचारलं, परत घेणार का? मी इथे नऊ जणांची चाचणी घेतली, कॅप्टन. नऊच्या नऊ जणांची रेषा वर. ज्याला उडायचं आहे, तो प्रत्येक जण आशेत आहे. आणि ज्याला उडायचं नाही, त्याला उडता येत नाही."

केतकी खाली उपाहारगृहात गेली. चहा मागवला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिली. त्या परिचारिकेचा वर्तमानपत्रात आलेला फोटो तिला आठवत होता. चष्मा कपाळावर चढवलेला, कुणीतरी अचानक हाक मारल्यासारखा चेहरा. तासाभराने ती वर आली.

"मला परत घेणार नाही, असं भाटकरांकडून लिहून घेतलं तर?"

बोबडे मान हलवत म्हणाले, "कागद बदलता येतात, हे तुमच्या मनाला ठाऊक असतं. दुसरी कंपनी आहे, दुसरा देश आहे. एवढ्याने रेषा उतरणार नाही."

"आणि परवानाच नसला तर?"

वैमानिकाने परवाना कायमचा परत केला, तर पंचेचाळिशीनंतर नवा मिळत नसे. केतकी सत्तेचाळीस वर्षांची होती.

"विचार करा," बोबडे म्हणाले. "हे मी मागू शकत नाही."

"तुम्ही मागत नाही आहात."

तिने तिथूनच विमान संचालनालयाला अर्ज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. परवाना रद्द करण्यात आला आहे, पुनर्विचार होणार नाही. तिने ते तीनदा वाचलं, मग सिम्युलेटरमध्ये जाऊन बसली आणि शिरोजाल स्वतःच डोक्यावर ओढलं.

पहिल्या खेपेला निर्णयउंचीला ढगात दोन अंधूक ठिपके आले. केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. ते ठिपके होते, आणखी काही नव्हतं. "नाही दिसली," ती म्हणाली, शक्ती वाढवली आणि विमान वर काढलं. तिचे हात इतके हलके गेल्या कित्येक वर्षांत नव्हते. ती पुन्हा आली, पुन्हा वर चढली. तिसऱ्या खेपेला ढग फाटले आणि दिव्यांची अख्खी रांग समोर आली, तेव्हा ती उतरली. असं तिने चार दिवस केलं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं उड्डाण तिने त्या चार दिवसांत, जमिनीला खिळलेल्या एका खोक्यात बसून केलं.

ताणरेषा सपाट आली होती. बोबड्यांनी नवी छाया दोन हजार प्रसंगांतून तपासली. ती एकदाही चुकली नाही. सरकारी तपासनीसांनी अहवालात लिहिलं, की कुठल्याही जिवंत वैमानिकापेक्षा ही छाया विश्वासार्ह आहे, कारण तिला कशाचाच मोह नाही.

भाटकर तिला भेटायला मुद्दाम आले. बोलताना ते अवघडले होते.

"त्या बारा जागांचं जरा..." त्यांनी घसा साफ केला. "तपासनीसांचं म्हणणं आहे, या छायेवर माणसाची देखरेख ठेवली तर धोका वाढेल. देखरेख करणाऱ्याला नोकरीची काळजी असणार. वरिष्ठांनी त्या जागा रद्द केल्यात. इतर कंपन्याही हीच छाया घेणार आहेत."

केतकीने मान डोलावली. हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, असं तिला वाटलं. हिशेब इतका सरळ होता. तिने फक्त स्वतःचा परवाना परत केला होता, आणि त्याबरोबर सगळ्यांचेच गेले होते.

दुपारी ती नागपूर स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना मुकादमांचा फोन आला. ते आता रत्नागिरीत मेहुण्याच्या बर्फाच्या कारखान्यात बसायचे. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"केतकी, तिकडच्या चाचण्यांचं काय झालं? घेतायत का आपल्याला?"

"नाही सर," ती म्हणाली. "आता कुणालाच घेणार नाहीत. माझ्यामुळे." आणि फलाटावरच्या बाकावर बसून तिने त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता.

मागची घरघर कमी झाली; मुकादम फोन घेऊन बाहेर आले होते.

"दिवे किती होते?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"आणि तू वर चढलीस."

"हो सर."

"मग बरोबर केलंस," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गाडीत जागा मिळालीय ना बसायला?"