हातघट्ट

आमच्या कारखान्यात इमारतींचे लोखंडी सांगाडे तयार होतात. इमारत दुसऱ्यांची, हाडं आमची. हे गेल्यापासून एकवीस वर्षं मी तो चालवते. मला ड्रॉइंग वाचता येत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. ड्रॉइंग वाचणारे पुष्कळ मिळतात, बोल्ट वाचणारी मी एकटी. छोट्या हातोडीनं नटावर टिचकी मारायची आणि ऐकायचं. नीट बसलेला बोल्ट टण्ण वाजतो, तो आवाज दांड्यातून आपल्या कोपरापर्यंत येतो. ढिला बोल्ट ओल्या मातीवर मारल्यासारखा थप्प करतो. माझ्या फाटकातून थप्प करणारा सांधा कधी बाहेर गेला नाही.

कामगार मला थोरल्या बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि तेही काही खोटं नाही.

सूनबाई इंजिनिअर. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. लेकानं आधी तिला ऑफिसात टेबल दिलं, मग टेबलामागं खुर्ची दिली, आणि मग माझ्यासमोर बसून ‘हिला विचारू या’ म्हणायला लागला. घराच्या समोरच्या मोकळ्या जागेत आमची स्वतःचीच नवी शेड उभी करायची ठरली, तेव्हा तिचं सगळं ड्रॉइंग सूनबाईनं केलं. तिच्या हातचं पहिलं काम. शेड एवढी लांब की या टोकाच्या माणसानं हाक मारली तर त्या टोकाच्याला नुसता ओठ हलल्यासारखा दिसावा.

थंडी सरत आली होती. खांब उभे राहिले, तुळया चढल्या. एका सकाळी मी शिडीनं परांचीवर गेले आणि हातोडी घेऊन एकेक सांधा वाजवत निघाले. टण्ण, टण्ण, टण्ण. शेडच्या बरोबर मध्यावर पोचले आणि थप्प. पुढचाही थप्प. सात तुळयांची टोकं तिथं खांबांच्या बैठकींवर नुसती टेकवलेली होती, प्रत्येक टोकाला दोन बोल्ट. चौदाच्या चौदा बोल्ट माझ्या दोन बोटांनी फिरले.

मी खाली बघून फिटरला हाक मारली. त्याला सगळे पकड म्हणतात, कारण एकदा धरलं की सोडत नाही.

“पकड, हे काय आहे?”

“हातघट्ट आहेत बाई.”

“हात कुणाचा? तुझा, की पाळण्यातल्या पोराचा?”

“ड्रॉइंगमध्ये तसंच आहे. वहिनींनी मुद्दाम सांगितलंय, पाना लावायचा नाही.”

सूनबाई ऑफिसातून ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन आली. वर चढली, माझ्याशेजारी उभी राहिली आणि मला समजावून सांगायला लागली. समजावून सांगायला. हसतमुखानं.

“आई, हे भोक बघा, गोल नाही, लांबट आहे. उन्हानं लोखंड वाढतं. अर्ध्या शेडएवढ्या लांबीला आडवं एक बोट वाढतं. तुळईला तेवढं सरकू द्यायचं असतं, म्हणून इथं बोल्ट आवळायचे नाहीत.”

“आणि आवळले तर?”

“तर ती वाढ कुठंतरी जाणारच ना. जिथं जोर कमी, तिथं जाईल.”

“आमच्या वेळी तुळया वाढत नव्हत्या वाटतं.”

“वाढत होत्या. शेडी छोट्या होत्या.”

मी तिच्याकडे बघितलं. “या घरात मला आणलं तेव्हा माझ्या सासूनं मला विचारलं नव्हतं, बाई, तुला सरकायला किती जागा लागेल म्हणून. आवळलं, बसले.”

“विचारायला हवं होतं, आई,” ती म्हणाली.

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नाही, हे मला तेव्हाही कळलं. पण खाली पकडनं आणि दोन वेल्डरांनी एकाच वेळी मान फिरवली. हसू लपवायचं असलं की माणूस अशीच मान फिरवतो. माझा लेक तिथंच होता.

दुपारी सगळे डबे खायला जुन्या शेडमध्ये गेले. मी मोठा पाना कमरेला खोचला, वर गेले आणि पहिल्या तुळईचे दोन्ही बोल्ट आवळले. पान्याला पाईप लावून, सगळं अंग टाकून. मग हातोडी मारली. टण्ण. फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी ऑफिसात सूनबाईच्या हातून पेन्सिल पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. “मनगटं धरलीत बहुतेक,” ती म्हणाली. दोन्ही.

“लिहून लिहून होतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी तुळई. संध्याकाळी ती जेवायला बसली आणि घास तोंडापर्यंत जाईना. कोपरं वाकत नव्हती. लेकानं भरवलं. नवऱ्याच्या हातून घास खाताना तिला हसू येत होतं. “बाळ झालेय मी,” म्हणाली. डॉक्टर आले. सूज नाही, लाली नाही, ताप नाही, दाबलं तर दुखत नाही. त्यांनी हात वाकवून बघायचा प्रयत्न केला आणि मग हळूच खाली ठेवला. जड वस्तू ठेवावी तसा.

“सांध्यांचं काही सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“मग तुम्ही शिकलात काय?” मी विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिसऱ्या तुळईवर होते. तिथून आमच्या घराची वरची खिडकी सरळ दिसते. सूनबाई खिडकीत आली. ऊन तोंडावर येत होतं म्हणून पडदा सरकवायला तिनं ताठलेला उजवा हात खांद्यातून वर केला. मी पाना ओढत होते. शेवटचा पाव फेरा राहिला होता. तो बसला आणि तिचा हात पडद्यावरच राहिला.

ती हाताकडे बघत राहिली. मग अंग वळवून तो सोडवायला लागली. पडदा निघून आला, हात खाली आला नाही. शाळेत उत्तर येणारी पोरं धरतात तसा वरच.

मी मूर्ख नाही. एकदा झालं तर योगायोग, हे मलाही कळतं. म्हणून मी लगेच दुसरा बोल्ट आवळला नाही. ती खिडकीशी स्थिर उभी राहीपर्यंत थांबले. डावा हात तिनं अंगालगत सोडलेला होता. मग तिच्यावरची नजर न हलवता मी पाना ओढला. नट बसला. तिनं डावा खांदा उडवायचा प्रयत्न केला. उडाला नाही.

मग तिनं वर बघितलं, खिडकीतून सरळ शेडच्या मध्यावर, माझ्याकडे. हुशार आहे पोरगी, ते मी कधी नाकारलं नाही.

त्या दिवशी खाली उतरताना मी शिडीची एक पायरी चुकले. पाईप जड असतो.

आता कुणी म्हणेल, तिथंच थांबायचं होतं. ठीक आहे. पण रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाला, “आई, ही आजारी आहे तोवर शेडचं सगळं हिच्या ड्रॉइंगप्रमाणंच होईल. पकडला सांगून ठेवलंय, तू वर जायचं नाहीस.” माझ्या ताटाकडे बघत म्हणाला, तोंडाकडे नाही. एकवीस वर्षं त्या कारखान्याला मी टण्ण वाजवत ठेवलं आणि मला शिडी बंद.

चौथ्या दिवशी घोटे. पाचव्या दिवशी गुडघे. पकड डबा उघडायला गेला की मी वर. सहाव्या दिवशी मांड्यांचे सांधे. ती पलंगावर आडवी होती ती तशीच राहिली, पाठ सपाट, पाय सरळ, एक हात छताकडे. आणखी दोन डॉक्टर येऊन गेले. एकानं तिच्या पोटरीचा फोटो काढला. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

सातव्या दिवशी सकाळी लेक औषधं आणायला गेला. मी खोलीत गेले. ती जागी होती.

“आई, एक तुळई राहिलीय ना?”

“राहिलीय.”

“दोन बोल्ट.” तिनं मान माझ्याकडे वळवली. “माझी मान राहिलीय. आणि तोंड.”

“बोल बोल.”

“ती तेवढी ठेवा.”

मी खुर्ची ओढून बसले. तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. मला दगड समजू नये कुणी. म्हटलं, “सूनबाई, एवढंच म्हण, आई, तुमचं बरोबर होतं. सांधा घट्टच हवा. एवढं म्हण, मी पाना विहिरीत टाकते.”

ती विचार करत होती. खरंच करत होती, भुवया हलत होत्या. मान आणि तोंड सोडलं तर तेवढंच हलण्यासारखं उरलं होतं.

“पण बरोबर नव्हतं, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणते हवं तर. पण मग वर पत्रे चढतील, उन्हाळा येईल. तेव्हा काय कराल?”

तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

मी उठले. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत शिडी चढले. पकड खालून म्हणाला, “बाई, नका,” आणि शिडीचा पाय धरून उभा राहिला, मी पडू नये म्हणून. नोकर असावा तर असा.

मान. मग तोंड.

टण्ण. टण्ण.

लेक परत आला तेव्हा पकडनं त्याला सगळं सांगितलं, कुठल्या दिवशी कुठली तुळई आवळली गेली आणि त्या दिवशी वहिनींचं काय धरलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“आई, तुला हे कधी कळलं?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मग?”

“मग काय? हातात घेतलेलं काम मी अर्ध्यात सोडत नाही.”

त्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर मी त्याला मानलं असतं. त्यानं पाना उचलला आणि धावत वर गेला. पहिल्या तुळईवरचा पहिला बोल्ट, उजवं मनगट. मी पलंगाशी उभी होते. खिडकीतून तो दिसत होता.

त्यानं पाना लावला आणि उलटा ओढला.

नट एक षष्ठांश फिरला असेल. पलंगावर वर धरलेला तिचा पंजा मनगटापासून तेवढाच फिरला. उलटा.

तिच्या नाकातून आवाज आला. तोंड बंदच होतं.

मी खिडकीतून हात हलवला. “परत आवळ,” म्हटलं. “परत.”

त्यानं आवळला. पंजा जागेवर आला. लेक वरच बसून राहिला, तुळईला डोकं टेकून. दुपारपर्यंत.

त्याला खाली उतरवायला कुणी गेलं नाही. मी सूनबाईच्या तोंडावरून ओला फडका फिरवला. मग, कुणी नव्हतं म्हणून, कमरेला खोचलेली हातोडी काढली आणि तिच्या गुडघ्यावर अगदी हलकी टिचकी मारली.

खोटं कशाला सांगू? उभ्या आयुष्यात इतका सुरेख बसलेला सांधा मी ऐकला नाही.

हे सगळं दीड महिन्यापूर्वीचं. शेडवर पत्रे चढले. आत यंत्रं आली, काम सुरू झालं. सगळे हळू बोलतात, आणि मध्यावरच्या तुळयांखालून कुणी जात नाही, वळसा घालून जातात. लेक माझ्याशी बोलत नाही. कामाचं तेवढं पकडमार्फत विचारतो. पण विचारतो. वर चढून मी सगळे सांधे रोज वाजवते आणि मला कुणी अडवत नाही.

सूनबाईला मी दातांच्या फटीतून नळीनं दूध देते. डोळे तिचे चालतात. ती माझ्याकडे बघत असते. मी तिला रोज म्हणते, डोळे एकदा मीट, म्हणजे मी समजेन, तुला पटलं. ती मिटत नाही. झोपतानाही बहुतेक मिटत नाही.

ऊन वाढलंय. दुपारी पत्रे तापले की नव्या शेडमधून काही आवाज येत नाही. जुन्या शेडचे पत्रे कडकड करतात, नव्या शेडचे नाही. आवाज या खोलीतून येतो, गाठ आवळल्यासारखा, बारीक. परवा पलंगाची पायाकडची फळी तडकली.

म्हणून आज सुताराला बोलावलं. शांत माणूस आहे, फार विचारत नाही. सकाळी आला, टाचेपासून टाळूपर्यंत टेप लावून माप घेतलं आणि कागदावर लिहिलं. लाकूड बघून दुपारी तीनला परत आला, पुन्हा एकदा खात्री करायला टेप लावला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. कागद बघितला, टेप बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, पलंगाला माप सकाळचं धरू, की आत्ताचं?”

“आत्ताचं धर,” मी म्हटलं. “आणि चार बोटं जास्त ठेव. खरा उन्हाळा अजून यायचाय.”